राणीने पसरलेला पदर

मी एक जुनी इरकली साडी आहे, मित्रांनो. जुनी म्हणा, पण जुनाट म्हणाल तर खबरदार! इलकलच्या विणकराने माझे सुती धागे पदराच्या तांबड्या रेशमाशी एकेक करून जोडले. "हा पदर कधी फाटायचा नाही," असे तो छाती ठोकून म्हणाला होता.

वसुधाताईंबरोबर मी जर्मनीतल्या हायडेलबर्गला आले. त्यांचे यजमान श्रीरंगराव तिथे रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते. तिथल्या थंडीत मला नेसणार कोण? चार वर्षे पेटीत डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडून होते. अगदी रडू यायचे.

मग १९५८ साली विद्यार्थ्यांनी एक प्राचीन ग्रीक नाटक बसवले. गलबतांना वारा मिळावा आणि युद्धाला निघता यावे, म्हणून राजा पोटच्या मुलीचा बळी द्यायला निघतो. राणी त्याच्या विनवण्या करते. राजा श्रीरंगराव, राणी वसुधाताई, मुलगी त्यांचीच पाच वर्षांची लतिका. आणि राणीचे वस्त्र कोण? मी!

तालमीत राजा दर वेळी लतिकाला पुजाऱ्याच्या हाती सोपवायचा. पोरीला मराठी समजे, पण उत्तर जर्मनमध्येच देई. ती घरी रोज विचारू लागली, "पापा मला खरंच देणार?"

"अगं, ते खोटं खोटं असतं," वसुधाताई सांगत. तिला पटेना. बाबांच्या मांडीवर बसणेच तिने सोडले. श्रीरंगरावांचा चेहरा पाहवत नसे.

प्रयोगात राणीने राजाचे गुडघे धरायचे होते. पण लतिकाचे खरेखुरे रडे ऐकून वसुधाताई पाठ केलेले सगळे जर्मन विसरल्या. त्यांनी मला दोन्ही हातांनी पसरले आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "अहो, पदर पसरते तुमच्यापुढे! माझी लेक मला द्या हो!"

आता, पसरलेला पदर आमच्याकडे कुणी रिकामा पाठवतो का? श्रीरंगराव गडबडले. "घे, घे! नको तो वारा!" म्हणत त्यांनी मुलगी उचलून माझ्यातच ठेवली.

पुजारी सुरी घेऊन उभाच! दिग्दर्शकाने डोके धरले. "आल्झो! म्हणजे आता युद्ध कसं होणार?"

गेल्या महायुद्धात मुलगा गमावलेल्या आमच्या जर्मन घरमालकीणबाई पहिल्या रांगेतून ओरडल्या, "नकोच व्हायला!" मग टाळ्या थांबेचनात.

लतिकाने माझ्यातून मान वर काढली आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्ही मला दिलं नाही!" काय सांगू, मी कसली खूश झाले!

तिच्या वजनाने मी वीतभर फाटले. वसुधाताईंनी रफू केला. आता लतिका सोळा वर्षांची आहे. दर दिवाळीला मलाच नेसते, आणि रफू समोर दिसेल असा पदर घेते.

मित्रांनो, मला सावलीत वाळवा, वरचेवर घडी बदला, पण तो रफू तेवढा उसवू नका. आणि कुठलीही आई तुमच्यापुढे पदर पसरून उभी राहिली, तर आधी तिचे मूल तिच्या पदरात घाला. वाऱ्याचे मग बघू.