बिनसेलची लिव्हर

सायकलच्या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं मीच सांगत फिरायचो. जळो ती फुशारकी! एका गिऱ्हाइकाला त्याच्या ग्रॅव्हल बाइकसाठी, म्हणजे खडीच्या रस्त्यावरच्या सायकलसाठी, दोन इलेक्ट्रॉनिक गिअरसेट शेजारीशेजारी लावून बघायचे होते, एक वायरचा, एक बिनवायरचा. बिनवायरच्या सेटला हँडलवर गिअर बदलायची बटणाची लिव्हर असते, तिच्यात घड्याळात असतो तसला चपटा सेल लागतो आणि माझ्याकडचे संपलेले. म्हणून धाकट्या भावाच्या सायकलच्या उजव्या लिव्हरमधला काढला. उद्या परत घालू म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात पोचायच्या आत तो सायकल काढून गेलासुद्धा.

अकरा दिवस झाले, धाकट्याचा पत्ता नाही. सायकल जुन्या दगडखाणीच्या काठावर अडकलेली सापडली. हँडल उजवीकडे मोडलेलं, उजवी लिव्हर गायब. खाली शोधलं, नुसते दगड दिसले. सपाटीवर एका गिअरवर निभावलं असेल त्याचं. खाणीच्या चढाला हलका गिअर पडला नसेल आणि तोल गेला असेल. हे फक्त मला ठाऊक होतं. भावजयीला सांगायला तोंड उघडायचो आणि भलतंच काहीतरी बोलायचो.

बाराव्या दिवशी ती दुकानात आली. सायकल स्टँडवर टांगलेली होती. मागच्या डिरेलरवर, म्हणजे साखळी सरकवणाऱ्या त्या हातावर, बोट ठेवून म्हणाली, "दादा, हा त्याच्याच लिव्हरचं ऐकतो ना?"

"ऐकतो. पण लिव्हर पंधरा-वीस पावलांत असली आणि कोणी बटण दाबलं तरच."

"मग चला खाणीत. तो दाबत असेल."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? अकरा दिवस!" मी खेकसलो. तरी डिरेलरची बॅटरी चार्ज केली आणि गेलो. काही होणार नाही याची खात्रीच होती मला. सेल माझ्या खिशात होता.

रणरणतं ऊन होतं. खाणीच्या तळाशी मी सायकल ढकलत होतो, ती मागून येत होती. दरड कोसळली होती तिथं पोचलो आणि डिरेलर झिर्र करून सरकला. मी खिसा चाचपला, सेल तिथंच होता. परत झिर्र. एक गिअर हलका. मग आणखी एक. चढावर दम लागलेला माणूस मागतो तसे, एकेक करून.

"जिवंत आहे!" ती किंचाळली आणि नुसत्या हातांनी दगड उपसायला लागली. मी माणसं बोलावली.

धाकटा दगडांखालीच होता. हँडलचा मोडका तुकडा छातीशी, बोट लिव्हरच्या बटणावर. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशी गेला.

चार दिवसांनी पोलिसांनी लिव्हर परत दिली. ती घेऊन भावजय माझ्यासमोर बसली. "डॉक्टरांना काय कळतंय? उघडा ही, दादा. सेल किती उतरलाय ते बघा. किती दिवस मला हाका मारत होता, तेवढं तरी कळू दे."

स्क्रू काढला, झाकण उघडलं, रिकामा खण तिच्यापुढे धरला. मग खिशातला सेल काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मला रडू आवरेना.

ती रडली नाही. टेबलावरचा सेल उचलून तिने त्या खणात बसवून बघितला.

"म्हणजे मला नव्हता बोलवत," ती म्हणाली. "तुम्हाला बोलवत होता."