दोरीआडची तारिमा

"गाणाऱ्याच्या तोंडात कडवं असेल तोवर पाय हलके ठेवा. कडवं संपलं की मग काय आपटायचं ते आपटा."

जो कोणी माझ्यावर पाय ठेवी, त्याला एलेउतेरिओ सुतार हे एवढंच सांगायचा. लहान पोर असो की शेजारच्या गावची पट्टीची नाचणारी असो, सांगण्यात फरक नसे. आज तो नाही. पण इथे दुपार झाली, की त्या शांततेत त्याचा तो खरखरीत आवाज मला अजून ऐकू येतो.

मी एक जुनी तारिमा आहे, मित्रांनो. तारिमा म्हणजे नाचण्यासाठी केलेला बसका लाकडी चौथरा. वरून मी साध्या फळ्यांची दिसते, पण आतून पोकळ आहे आणि माझ्या कुशीला गोल भोकं आहेत. तसं पाहिलं तर मी जमिनीवर पालथा घातलेला ढोलच. फक्त मला हातांनी वाजवत नाहीत, टाचांनी वाजवतात.

माझं लाकूड पुरात आलं. वेराक्रूझच्या आमच्या सपाट मुलखात नदी फुगली, की काय काय घेऊन येते. त्या वर्षी तिने एक सुगंधी लाल झाड सुताराच्या परड्यात आणून टाकलं. कोणी मागायला येईल म्हणून त्याने बरेच दिवस त्याला हात लावला नाही. कोणी आलं नाही, तेव्हा त्याने देवापुढे मेणबत्ती लावली आणि करवत उचलली. प्रत्येक फळी तो बोटाच्या पेराने ठोकून बघायचा आणि कान लावायचा. जी फळी बोलली नाही, ती त्याने कोंबड्यांच्या खुराड्याला लावली. मी बोलणाऱ्या फळ्यांची झाले.

सान हासिंतोच्या देवळासमोर, चिंचेखाली माझी जागा होती. फेब्रुवारीत कांदेलारिया माउलीचा सण येई. माउलीची मूर्ती नावेतून नदीवर फिरून देवळात परते, आणि दिवेलागणीला माझ्याभोवती फांदांगो, आमचा गाण्यानाचाचा मेळा, सुरू होई. फांदांगोला श्रोते नसतात, मित्रांनो. गोलात जो उभा, तो त्यातलाच. कोणी हाराना वाजवतो, ती आमची छोटी, बारीक अंगाची गिटार. कोणी गातो, कोणी कॉफीची किटली फिरवतो. नाचणारी थकली, की दुसरी येऊन तिच्या खांद्याला हात लावते आणि पहिली खाली उतरते. माझ्यावर कोणाचाच हक्क नव्हता, म्हणून मी सगळ्यांची होते.

आणि गाण्याची एक रीत होती. एकाने कडवं म्हटलं, की गोलाच्या पलीकडच्या बाजूने दुसऱ्याने तेच कडवं पुन्हा म्हणायचं. याला आमच्याकडे उत्तर देणं म्हणतात. ज्याने नीट ऐकलं नाही, त्याला उत्तर देता येत नाही. आणि ज्या कडव्याला उत्तर मिळालं नाही, ते अर्धंच राहिलं असं मानतात.

उबाल्दिना पलीकडच्या काठावर राहायची. तिचा मुलगा तान्हा असताना पुराच्या पाण्यात गेला होता आणि माउलीच्या कृपेने वाचला होता. तेव्हा तिने नवस केला: दर कांदेलारियाला एक नवं कडवं रचीन, चारचौघांत म्हणीन, आणि उत्तर मिळालं की तुझ्या पायाशी वाहीन. उपास, व्रतं तिची चालूच असत, पण हा नवस तिला सगळ्यांत मोठा. तिला उत्तर द्यायचा फेर्मिन लागुनेस. बाप्तिस्म्याच्या वेळी त्या मुलाचा धर्मपिता झाला तो हाच, म्हणून दोघं एकमेकांना कोमाद्रे-कोम्पाद्रे म्हणायची. फेर्मिनचा आवाज काही फार गोड नव्हता. पण तो डोळे मिटून ऐकायचा आणि तिचा एक शब्द इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही.

"कोम्पाद्रे, आवाज कावळ्याचा, पण कान सशाचे हो तुझे!" ती हसून म्हणायची.

"आणि तुमचा आवाज चांगला, पण कडवी लांब," तो म्हणायचा. "म्हणता म्हणता माझी कॉफी निवते."

ते माझे भरलेले दिवस होते. मग फेर्मिन गावाच्या साप्ताहिकात गाण्याबजावण्याबद्दल लिहू लागला. लोक त्याला मान देऊ लागले. आमचं गाव लहान. ज्याच्याबद्दल लिहायचं, तो कोणाचा तरी कोम्पाद्रे असतोच. एकाला बेसूर म्हणावं तर बारशाला बोलावणं येणार नाही. म्हणून फेर्मिनने सगळ्यांनाच गोड म्हणायला सुरुवात केली. पुढे तो वाजवायचा ती हारानाही त्याने समारंभ करून गावच्या संस्कृती भवनाला देऊन टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या टाळ्या त्याला ती वाजवून कधीच मिळाल्या नव्हत्या.

आमचा सणही मोठा झाला. चिंचेची जागा पुरेना. नदीकाठच्या मैदानावर उंच रंगमंच बांधला आणि मला उचलून त्याच्यावर नेऊन ठेवलं. खाली जिथे सगळे गोल करून उभे राहायचे, तिथे लोखंडी कठडे आले. कठड्यांच्या आत निमंत्रितांच्या खुर्च्या. गावचे म्हातारेकोतारे कठड्यांच्या मागे, चिखलात उभे. वेळ झाली तरी गाणं सुरू होईना, कारण आधी पाहुण्यांचे आभार, मग पाहुण्यांनी मानलेले आभार. जनरेटर घरघरत होता. बिअरवाला ओरडत होता. शेजारच्या मंडपात दुसरीच गाणी लागली होती, आणि नदीवरचा वारा अर्धा आवाज उचलून पलीकडे नेत होता. पुढच्यांनी हात वर करून फोन धरले, त्यामुळे मागच्यांना फक्त हात दिसले.

"आजी, काही दिसतंय का?" कोणीतरी विचारलं.

"दिसतंय ना," एक म्हातारी म्हणाली. "तुझी पाठ. धुवायला झालीय."

माझ्या पोटात त्यांनी एक मायक्रोफोन ठेवला होता. एकसारख्या झग्यांतल्या मुली माझ्यावर नाचत होत्या. चांगल्या शिकलेल्या मुली त्या, पण कडवं कधी सुरू झालं हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. उबाल्दिना काठी टेकत पुढे आली आणि तिने त्या वर्षीचं कडवं म्हटलं. तिचे ओठ हलताना मला दिसले. वर टांगलेल्या भोंग्यांतून टाचांचा कडकडाट कोसळत होता. तिने शेवटचा शब्द म्हटला आणि ती थांबली. वाट पाहत राहिली. रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाच्या गायकांना वाटलं, तिने अजून सुरुवातच केली नाही. कोणीच उत्तर दिलं नाही. मग निवेदकाने टाळ्या मागितल्या, आणि टाळ्या मात्र पुष्कळ पडल्या.

फेर्मिन पहिल्या रांगेत बसला होता. तोही टाळ्या वाजवत होता.

त्यानंतर ठरलं, की माझा आवाज यंत्राला सोसत नाही. माझ्या जागी रबर लावलेला नवा चौथरा आला आणि मला संस्कृती भवनाच्या ओसरीत आणून ठेवलं. भोवती लाल दोरी. पुढे पाटी: 'कृपया चढू नये'. भिंतीवर, माझ्या डोक्याशी, फेर्मिनची हाराना.

मित्रांनो, इथे माझं वाईट कोणी बोलत नाही. येणारे थांबतात, "किती सुंदर!" म्हणतात आणि पुढे जातात. फडक्याने माझी धूळ पुसतात. पण टाच पडत नाही. ज्या लाकडाला कोणी वाजवत नाही, ते आतून गप्प होत जातं. पावसाळ्यात माझे सांधे फुगतात, उन्हाळ्यात आवळतात, तेवढाच काय तो माझा आवाज. कौतुकातही एखादी वस्तू इतकी एकटी पडू शकते, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

ओसरीवर गोयो नावाचा राखणदार आहे. वेळ जावा म्हणून तो साप्ताहिक मोठ्याने वाचतो. त्या आठवड्यात त्याने फेर्मिनचा लेख वाचला: "अविस्मरणीय संध्याकाळ! उबाल्दिनाबाईंचा एकेक शब्द मधाच्या थेंबासारखा श्रोत्यांच्या काळजात उतरला."

काही दिवसांनी उबाल्दिना आली. उन्हातून, नाव करून, एकटी. तिने दोरी उचलली आणि माझ्या काठावर बसली. किती दिवसांनी माझ्यावर कोणाचं वजन पडलं!

"आजी, आजी, उठा!" गोयो धावला. "पाटी वाचली नाहीत?"

"मला कुठे वाचता येतं, बाळा. काय लिहिलंय?"

"चढू नये."

"मग? मी चढले का? बसलेय."

गोयोने डोकं खाजवलं आणि तिला पाणी आणून दिलं. मग ती म्हणाली, "फेर्मिनला बोलाव."

फेर्मिन आला तो हात पसरूनच. "कोमाद्रे! लेख आवडला ना?"

"शेजारणीने वाचून दाखवला. एकेक शब्द मधासारखा म्हणे."

"होताच."

"कोणता रे?"

"अं?"

"शब्द. एक सांग. सगळं कडवं नको, एकच शब्द सांग."

बाहेर कोणीतरी आइस्क्रीमची घंटी वाजवत गेलं. ती लांब जाईपर्यंत फेर्मिन रस्त्याकडे बघत राहिला.

"मी आपलं... तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून," तो शेवटी म्हणाला.

"वाईट? बाई बेसूर गायली असं लिहिलं असतंस, तर घरी जाऊन चार शिव्या दिल्या असत्या आणि झोपले असते. तू तर मला ऐकलंच नाहीस, कोम्पाद्रे. कोणीच ऐकलं नाही. आणि तू छापून टाकलंस की सगळ्यांनी ऐकलं." तिचा आवाज खाली आला. "एवढ्या गोंगाटात माउलीला तरी ऐकू गेलं असेल का रे? नवस अर्धा राहिला माझा. छातीत दम उरला नाही आता. अर्धा नवस घेऊन वर जायचं का मी?"

"आत्ता म्हणा, कोमाद्रे. मी उत्तर देतो."

"इथे? दोरीच्या आत, चोरून? नाही. आधी ते खोटं उतरव. जसं चारचौघांत छापलंस, तसं चारचौघांत मागे घे. मग माझ्या अंगणात ये."

फेर्मिनने माझ्या फळीवर हात ठेवला. "देतो शब्द," तो म्हणाला. "खरं लिहीन, आणि येईन."

ती गेली. मी वाट पाहू लागले. आठवड्यामागून आठवडे गोयो वाचत राहिला. कोणाच्या बासरीला 'स्वर्गीय' म्हटलेलं असे, कोणाच्या मुलीच्या पियानोला 'उज्ज्वल भविष्य' असे. फेर्मिन कधी ओसरीवरून गेला, तर माझ्याकडे बघत नसे. खरं लिहायचं, तर ज्यांनी उत्सव भरवला त्या सगळ्या कोम्पाद्रेंच्या तोंडावर लिहायचं होतं. भिऊन गेला होता बिचारा. पलीकडच्या काठावरची बातमी गोयोकडून कळे: आजी फार बाहेर पडत नाहीत, आजी खोकतात, आजी अजून माळ ओढतात.

पुन्हा कांदेलारिया आली. मैदानावरचे भोंगे इथवर ऐकू येत होते, शब्द मात्र नाही. उबाल्दिना त्या वर्षी आली नाही. आणि मग गोयोने साप्ताहिक उघडलं. वाचता वाचता त्याचा आवाज हळू झाला.

"या वर्षी मी कठड्यांच्या मागे उभा होतो. मला गाणं ऐकू आलं नाही. माझ्याबरोबर उभे असलेल्या आमच्या म्हाताऱ्यांनाही ऐकू आलं नाही. गेल्या वर्षी मी पुढे खुर्चीत होतो. तेव्हाही ऐकू आलं नव्हतं. तरी ऐकू आलं असं मी लिहिलं. ते खोटं होतं. उबाल्दिनाबाईंच्या कडव्याला कोणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही."

"अगं माझे आई," गोयो मला म्हणाला. दुसरं कोणी नव्हतंच. "काकांचं लिहिणं वाचताना पहिल्यांदाच डुलकी नाही लागली."

लोक चिडले. उत्सव समितीचे अध्यक्ष इथे ओसरीतच फेर्मिनवर डाफरले, "पाहुण्यांसमोर घरचं धुणं काढलंस! आता पुढच्या वर्षी खुर्ची विसर."

"खुर्चीतून ऐकू येतच नव्हतं," फेर्मिन म्हणाला.

मित्रांनो, मी लाकूड आहे. लाकडाने उपदेश करू नये. पण एक मागणं करते. तुमच्या घरात, गावात माझ्यासारखं जुनं काही असेल, तर त्याला नुसतं पुसून ठेवू नका, वापरा. झिजू द्या त्याला. आणि कोणी तुमच्यासमोर जीव ओतून गायलं, तर 'छान, छान' म्हणून निघून जाऊ नका. ऐका. ऐकू आलं नसेल, तर तसं सांगा, आणि पुन्हा म्हणायला लावा. खोट्या गोडव्याने गाणारा एकटा पडतो. खऱ्या शब्दाने त्याला निदान सोबत मिळते.

आज सकाळी देवळातली पहिली घंटा झाली आणि फेर्मिन आला. त्याने दोरीपलीकडून भिंतीवरची हाराना काढली.

"काका, ती आता भवनाची आहे," गोयो म्हणाला.

"ठाऊक आहे. मीच दिली."

"मग मला विचारायला लागेल..."

"विचार ना. सावकाश विचार."

गोयोने त्याच्याकडे पाहिलं. मग तो वळला, आणि अंगणातल्या आंब्याला मोहोर आलाय का, हे फार लक्ष देऊन बघू लागला.

फेर्मिन माझ्या काठावर बसला. एक तार तुटली होती. ती त्याने काढून खिशात घातली आणि उरलेल्या जुळवल्या. बोटं अडखळत होती. तारांचा तो बारीक थरथराट माझ्या फळ्यांतून आत उतरला, आणि क्षणभर मी पोकळ नव्हते. मलाही ने, असं म्हणावंसं वाटलं. पण उबाल्दिनाच्या काठाला नेणाऱ्या त्या छोट्या नावेत मी मावले नसते.

तो उठला. हाराना त्याने शर्टाच्या आत, छातीशी धरली. पायऱ्या उतरून तो नदीच्या धक्क्याकडे चालू लागला.