टिंबांची ओळ

निवृत्त शाळामास्तर ब्रिसोने यांना अमुदा दुरैसामीचा राग यायचा आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. अकरा वर्षं ती दर गुरुवारी फ्रान्समधल्या व्हेर्नूझच्या नगर वाचनालयातल्या काव्यमंडळात येत होती, आणि त्या अकरा वर्षांत मास्तरांनी तिचं आडनाव एकदाही धड उच्चारलं नव्हतं. 'त्या पुद्दुचेरीच्या बाई' म्हणायचे, तेही तिच्या तोंडावर. चारशे वर्षांपूर्वीच्या कवींच्या सासऱ्यांची नावंसुद्धा ज्या माणसाला पाठ, त्याला चार अक्षरं जड जात होती होय? जीभ चांगली वळत होती, मन वळत नव्हतं.

बाई सत्तावीस वर्षं गावच्या इस्पितळात परिचारिका होती, आता निवृत्त. निम्म्या गावाला तिने सुया टोचलेल्या. पण मंडळात तिला विचारायचे काय, तर तुमच्याकडे भात कसा शिजवतात, आणि आसनांनी गुडघा बरा होतो का. एकदा अध्यक्ष पेरुशोबाईंनी लाडीगोडी लावून सुचवलं, की एखाद्या गुरुवारी साडी नेसून तुमच्याकडचं काहीतरी म्हणून दाखवा ना. अमुदाबाई म्हणाली, मी माझंच आणलंय, आणि तिने पिशवीतून ओबॅं त्रेसारच्या कविता काढल्या. तेव्हा मास्तरांच्या कपाळावर जी आठी पडली ती पडलीच.

कारण त्रेसार आमचा. साडेचारशे वर्षांत गावाला मिळालेला एकुलता एक कवी, त्यामुळे आम्ही त्याला जपतोही तसंच. नदीकाठी त्याचा पुतळा आहे. मेच्या पहिल्या रविवारी पुतळ्यापुढे त्याची 'नदीस' ही कविता कागद न घेता म्हणायची, मग महापौरांचं भाषण, मग नगरपालिकेकडून सगळ्यांना थंडगार पांढरी वाइन. कविता म्हणण्याचा मान बावीस वर्षं ब्रिसोने मास्तरांकडे होता.

आणि त्या कवितेत एक विराम होता. शाळेच्या पुस्तकात ती सहा कडव्यांची. तिसरं कडवं संपलं की टिंबांची एक आख्खी ओळ, मग चौथं. मास्तरांचे मास्तर सांगायचे, की इथे कवीचा गळा दाटून आला, शब्द फुटेना, म्हणून त्याने टिंबं दिली. ब्रिसोने मास्तरांनी अडतीस वर्षं पोरांना तेच शिकवलं. वर तालीम करून घेतली: मान खाली घाला, मनात तीन आकडे मोजा, मग पुढे चला. पुतळ्यापुढे त्या जागी पुरुष डोक्यावरच्या टोप्या काढत. आमच्या गावचा बेकरीवालासुद्धा पाव भाजताना कविता गुणगुणला तर तिथे थांबतो. या विरामावर मास्तरांनी चाळीस पानांची पुस्तिका लिहिली होती, नगरपालिकेने ती छापलीही होती.

यंदा मास्तरांना एकोणऐंशी लागलं होतं. गेल्या मे महिन्यात पाचव्या कडव्यात ते अडखळले आणि ते सगळ्यांनी पाहिलं. म्हणून मंडळाने ठरवलं, की एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी ज्यांना हा मान हवा त्यांनी मंडळापुढे कविता म्हणावी, मग हात वर करून मतदान. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी कॅनडात, जुने विद्यार्थी रस्त्यात दिसले तर घाईत असायचे. वर्षातून एक रविवार सगळा गाव त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा, आणि त्या एका रविवारावर त्यांचं उरलेलं वर्ष निघायचं. तो रविवार गेला तर मागे काही उरत नव्हतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आणि तो मागायला पुढे आलं होतं कोण, तर ही बाई. दुसरं नाव कुणाचंच नव्हतं.

त्या गुरुवारी मंडळाचे दहाही जण हजर होते. मास्तर आधी उभे राहिले आणि त्यांनी कविता बिनचूक म्हटली. विरामाशी सगळ्यांच्या माना खाली गेल्या, पेरुशोबाईंनी डोळ्याला रुमाल लावला. मास्तर बसले तेव्हा त्यांना वाटलं, झालं, आता हिने म्हटलं काय आणि न म्हटलं काय.

अमुदाबाई उभी राहिली. तिच्या म्हणण्यात नाटक नव्हतं. डॉक्टरांना रात्रीची हकिकत सांगावी तशी ती ओळीमागून ओळ सांगत गेली, पण प्रत्येक शब्द लख्ख ऐकू येत होता. तिसरं कडवं संपलं. माना खाली गेल्या. आणि ती थांबलीच नाही. तिने कुणी न ऐकलेलं एक कडवं म्हटलं, मग आणखी एक, आणि मग आमचं नेहमीचं चौथं सुरू केलं. खाली घातलेल्या माना एकेक करून वर आल्या.

"थांबा," मास्तर म्हणाले. "हे त्रेसारचं नाही."

ती थांबली.

मास्तरांना आता चेवच चढला. ते बोलत सुटले. पुद्दुचेरीला कुणा कारकुनाने फावल्या वेळात भर घातली असेल आणि या बाईंनी ती प्रसाद म्हणून पाठ केली असेल, म्हणाले. कविता पाठ करणं वेगळं आणि कळणं वेगळं, त्यासाठी ती भाषा आईच्या दुधातून यावी लागते, हेही म्हणाले. फ्रेंच साहित्यातला सगळ्यात बोलका विराम यांनी ठिगळं लावून बुजवला, असं म्हणून त्यांनी टेबलावर हात आपटला. कुणी त्यांना आवरलं नाही. दोघातिघांनी माना डोलावल्या.

"तो विराम नाही, मास्तर," अमुदाबाई म्हणाली. "तिथे कात्री लागलीय. शाळेच्या पुस्तकासाठी कुणीतरी दोन कडवी कापली, आणि कापलीत हे कळावं म्हणून टिंबं घातली. तुम्ही अडतीस वर्षं पोरांना कात्रीपुढे माना खाली घालायला लावल्यात."

कुणीतरी फिसकन हसलं. तेच मास्तरांना झोंबलं. त्यांनी ग्रंथपाल तिबोला फर्मावलं, की कुलपातल्या कपाटातली त्रेसारची पहिली छापील प्रत आण, आत्ता, इथे, सगळ्यांसमोर. मी स्वतः वाचून दाखवतो. चाळीस पानांची पुस्तिका लिहिताना मास्तरांनी ते कपाट एकदाही उघडलं नव्हतं, हे इथे सांगायलाच हवं. उघडणार कशाला? कविता तर पाठ होती.

तिबोने पुस्तक आणून टेबलावर ठेवलं. मास्तरांनी चष्मा चढवला, पान काढलं आणि खणखणीत आवाजात तिसऱ्या कडव्यापासून सुरुवात केली. कडवं संपलं. खाली टिंबं नव्हती. टिंबांचा मागमूस नव्हता. खाली शब्द होते, आणि सुरात लागलेला आवाज थांबवणं त्यांना जमलं नाही.

"मला ताप भरला, तुम्ही वेशीला अडसर घातला.
खिडक्यांत तुमची ओळखीची तोंडं, हातात दिवे,
एकाही हाताने कडी काढली नाही.
मी मेलो की माझी गाणी तुमची पोरं म्हणतील,
तेव्हाही आत तुम्हीच असाल, आणि दाराबाहेर मी."

दुसरं कडवं याहून कडवट होतं. त्यात गावातल्या घराण्यांची नावं होती, आणि त्यातलं एक पेरुशो होतं. मास्तरांनी तेही वाचलं, पण शेवटच्या दोन ओळी फक्त शेजारच्यांना ऐकू गेल्या.

मग अमुदाबाई बोलली. अकरा वर्षांत इतकं लांब ती कधीच बोलली नव्हती.

"तुमचे कवी आम्हाला शाळेत नन शिकवायच्या, हातावर पट्टी मारून. मला त्यांचा संताप यायचा. नदी म्हणजे काय, आमच्याकडे समुद्र होता. सरकारी वाचनालयात सगळा त्रेसार होता, तो मी परीक्षेसाठी घोकला, दुसरं काही नाही. मग चौतिसाव्या वर्षी मी इथे नोकरीला आले. जानेवारी होता. भाड्याच्या खोलीची पाटी बघून मी चार दारं वाजवली. चारही दारांत मला सांगितलं, खोली गेली. पाट्या महिनाभर तिथेच होत्या. चौथ्या दारातून परत येताना मला ही दोन कडवी आठवली आणि मी पुलावर उभी राहून ती मोठ्याने म्हटली. त्या दिवशी मला तुमचा कवी कळला. पुढच्या कडव्यात तो 'तुझ्यावाचून मला कुणी नाही' म्हणतो, ते तुम्ही शाळेत प्रेयसीला लावता. तिथे प्रेयसी कुठून येणार? सगळी दारं बंद झाल्यावर तो नदीशी बोलतोय."

तिचं बरोबर होतं. मास्तरांना ते ऐकताक्षणी कळलं, आणि कळलं म्हणून त्यांना तिचा आणखीच राग आला. आयुष्यभर जी ओळ त्यांनी फळ्यावर लिहून समजावली, तिचा अर्थ एका परिचारिकेने पुलावर उभं राहून लावला होता.

पेरुशोबाईंनी घसा साफ केला. म्हणाल्या, फारच मोलाची माहिती मिळाली, मंडळ आभारी आहे. पण रविवारी जिल्हा प्रशासनाचे साहेब येतात, लहान मुलं फुलं घेऊन उभी असतात, आणि गावाची एक परंपरा आहे. शाळेत शिकलो तशीच कविता म्हणावी असं त्यांना वाटत होतं. तेव्हा ब्रिसोने मास्तरांच्या बाजूने कोण कोण?

हात वर जाऊ लागले. अमुदाबाईने बोट न उचलता नजरेनेच मोजले. नऊ झाले.

तिने कोट अंगात घातला, बटणं लावली, आणि मास्तरांच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"नववा हात तुमचा होता," ती म्हणाली. "या आठ जणांना आपण काय ऐकलं ते कळलं नाही, असं मी समजेन. पण तुम्ही तर स्वतःच्या तोंडाने वाचलंत, मास्तर."

ती गेली. पुन्हा गुरुवारी आली नाही.

रविवारपर्यंतचे दिवस मास्तरांनी तिच्याशी मनातल्या मनात भांडण्यात काढले. ती येणार, गर्दीतून ओरडणार, गावापुढे आपलं हसं करणार, अशी त्यांची खात्री होती. त्यासाठी त्यांनी दोन-चार झणझणीत उत्तरंही तयार ठेवली. एक गोष्ट मात्र त्यांच्या हातात नव्हती. ती दोन कडवी त्यांना एका वाचनात पाठ झाली होती आणि दाढी करताना, सूप ढवळताना आपोआप ओठांवर येत होती.

रविवारी ऊन छान पडलं होतं. मास्तरांनी तीन कडवी म्हटली. टोप्या उतरल्या, माना खाली गेल्या, मुलांनी ओठ आवळून आकडे मोजले. एक, दोन, तीन. मास्तर पुढे गेले नाहीत. खाली घातलेल्या डोक्यांवरून त्यांची नजर गर्दीत तिला शोधत होती. तिने एक शब्द टाकला असता तर त्यांनी तिला झापलं असतं, की तिच्या आवाजात आवाज मिसळला असता, हे त्यांचं त्यांना माहीत नव्हतं. पण तिने तो टाकायला हवा होता. ती दोन कडवी स्वतःहून सुरू करण्याचं धाडस त्यांच्यात नव्हतं, आणि आता ते त्यांना पुरतं कळलं होतं. सहा, सात, आठ. ती कुठेच नव्हती. महापौर खाकरले. मास्तरांनी चौथं कडवं सुरू केलं.

नंतर वाइनच्या टेबलापाशी पेरुशोबाई त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, की इतका सुंदर विराम बावीस वर्षांत झाला नव्हता, प्रशासनाच्या साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हो," मास्तर पेला पुढे करत म्हणाले. "यंदा मुद्दाम लांबवला."