अठराच्या रेघेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना हायड्रोमीटर आहे. काचेची बारीक नळी, खाली फुगीर पोट, पोटात शिशाचे छर्रे आणि नळीत आकड्यांची कागदी पट्टी, एवढाच माझा संसार. पाण्यात सोडलं की मी उभा तरंगतो. साध्या पाण्यात मी शून्याच्या रेघेपर्यंत बुडतो. पाण्यात मीठ वाढलं की ते दाट होतं, मला वर उचलतं, आणि त्याची पातळी माझ्या अंगावरच्या खालच्या, मोठ्या आकड्याला टेकते.

कोरियातल्या दाम्यांगजवळच्या या घरात मला आजोबांनी आणलं. थंडी सरता सरता इथे जांग घालतात. सोयाबीनच्या आंबवून वाळवलेल्या विटा रांजणात खाऱ्या पाण्यात मुरत ठेवतात. घरातलं वर्षभराचं जेवण त्यावर चालतं. त्या पाण्यात मी अठरा दाखवले की आजोबा म्हणत, "शाबास!" ते गेले, आणि मी त्यांच्या लोकरी मोज्यात गुंडाळलेला फडताळात पडून राहिलो. पिलसुन आजींचा विश्वास अंड्यावर. खाऱ्या पाण्यात अंडं सोडायचं. पाण्याबाहेर पाचशे वॉनच्या नाण्याएवढा भाग दिसला, की मीठ बरोबर. पद्धत खोटी नाही. अंडंही माझ्यासारखंच तरंगतं.

यंदा मात्र कडाक्याच्या थंडीत कोंबड्या अंडी देईनात. जांग घालायला शुभ मानलेल्या घोड्याच्या दिवसाचा मुहूर्त तर उद्यावर आलेला. आजींनी तांदळाच्या पिंपात जपलेलं अंडं काढून रांजणात कालवलेल्या मिठाच्या पाण्यात सोडलं. ते भलतंच वर आलं.

"खारट झालं गं! ओत पाणी."

सूनबाई मीग्योंग बादल्या ओतत राहिल्या, अंड्याचा दिसणारा भाग नाण्याएवढा होईपर्यंत.

तेवढ्यात आजींची नात हारिम मला घेऊन अंगणात आली. परीक्षेच्या अभ्यासात तरंगणाऱ्या वस्तूंचा धडा तिला छळत होता. तिने मला रांजणात सोडलं. मी जेमतेम दहावर थांबलो.

"आजी, हे फारच अळणी आहे. जांग नासेल."

"परीक्षेत स्वतःला तरंगता येईना, आणि निघाली मला जांग शिकवायला! ती नळी म्हातारी झालीय. फेकून दे."

"म्हातारं झालं ते सगळंच फेकायचं का, आजी?"

"जीभ बघा कार्टीची!"

मीग्योंग रडकुंडीला आल्या. "आई, वरच्या घरचा रांजण नासला तेव्हा त्यांच्या सुनेच्या पायगुणाची चर्चा गावभर झाली. माझ्या माथी नका मारू हे."

माझं ऐकलं नाही, तर वर्षाचं जांग जाणार होतं आणि मीही.

हारिमने मला धुऊन साध्या पाण्यात सोडलं. डोळे पाण्याच्या पातळीशी आणून तिने रेघ वाचली. शून्य.

"नळी खरं बोलतेय. आजी, अंडं कधीचं?"

"नववर्षाच्या सणाच्या आधीचं. का गं?"

तिने ते कानाशी हलवलं. आत खुळखुळलं. "अंडं जुनं झालं की आतलं पाणी कवचातून उडून जातं आणि त्या जागी हवा शिरते. आकार तोच, वजन कमी. मग ते अळणी पाण्यातही वर येणारच."

शेजारच्या चिल्बोक काकूंच्या खुराड्यात एक ताजं अंडं मिळालं, अजून कोमट. आजींनी ते स्वतः पाण्यात सोडलं. ते थेट तळाशी गेलं.

आजी मटकन पायरीवर बसल्या, आणि मग पोट धरून हसल्या. "अगं बाई! विटा अजून घातल्या नव्हत्या म्हणून वाचलो! मीग्योंग, आण मीठ. आणि रडू नकोस, त्याने पाणी वाढतंय!"

मीठ पडत गेलं, लाकडी वल्ह्याने पाणी ढवळलं गेलं, आणि मी हळूहळू वर चढलो. मी अठराच्या रेघेला टेकलो तेव्हा शेजारी ताजं अंडं नाण्याएवढं डोकं बाहेर काढून डुलत होतं. मीग्योंगनी उरलेलं मीठ बाजूला ठेवलं.

"शाबास," आजी पुटपुटल्या. तो शब्द मी किती वर्षांनी ऐकला! मग त्यांनी मला धुतलं, पुसलं आणि आजोबांच्या मोज्यात अलगद सरकवलं.

मित्रांनो, आम्हा मोजणाऱ्यांना वापरून झाल्यावर धुऊन ठेवत जा. अंगावर मीठ सुकलं तर वजन वाढतं, मी जास्त बुडतो आणि नाइलाजाने खोटं बोलतो. आणि कधी आमचा संशय आलाच, तर फेकण्याआधी एकदा साध्या पाण्यात सोडून बघा. आमची साक्ष शून्य देईल.