सहाव्या चित्रातला ठिपका

मित्रांनो, तोंड दाखवायची लाज वाटते, तरी सांगते. मी एक जुनी दीर्घिका आहे, म्हणजे ताऱ्यांचं एक गाव. तुमचा सूर्य ज्या आकाशगंगेत राहतो ना, तिच्याच जातीची, पण पुष्कळ लहान. विश्व नुकतंच रांगायला लागलं होतं, तेव्हा माझे पहिले तारे पेटले. काय तो थाट! निळ्या-पांढऱ्या उजेडानं मी नुसती झगमगत होते. तोच उजेड तुमच्याकडे यायला निघाला.

वाटेत तेरा अब्ज वर्षं गेली. विश्व ताणत गेलं, तसा माझा उजेडही ताणला आणि लालच्याही पलीकडे गेला. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत अवकाशातल्या दुर्बिणीची चित्रं आली. आकाशाचा तुकडा एकच, पण वेगवेगळ्या रंगांतली सहा चित्रं. पाचांत मी नव्हतेच. लालच्या पलीकडचा उजेड टिपणाऱ्या सहाव्यात होते, तेही एक पुसट ठिपका म्हणून. एवढ्या थाटाची ही अवस्था!

चित्रांत चुकून उमटलेले खोटे डाग पुसायचं काम हडपसरच्या शालूकडे होतं. एकाच चित्रात दिसतो तो डाग, असा तिथला शिरस्ता. तिनं मला तीन दिवस न्याहाळलं आणि पुसलं नाही. तिचे साहेब श्यामसुंदर सर. त्यांनी चहाच्या वेळी सगळ्यांदेखत विचारलं, "अहो शालूबाई, हा डाग कुणासाठी राखून ठेवलात?"

"डाग न्हाई सर, तिथं कायतरी हाय." घाईत ती घरच्या बोलीत बोलून गेली.

"हाय का? मग चष्मा पुसून बघा. हडपसरला धूळ फार."

सगळे खो खो हसले. शालूच्या हातातला कप तसाच राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या पुसटपणापायी त्या पोरीचं हसं झालं!

तरी तिनं पुन्हा चित्र घ्यायची विनंती केली. सरांनी सही दिली, पण बजावलं, "डाग निघाला तर या कामावर तुम्ही नाही." आठ महिने ती वाट बघत होती. तिच्यासाठी चार किरण जास्त पाठवावेत, असं फार वाटलं हो! पण जे यायचं ते कधीच निघून चुकलं होतं.

नवं चित्र आलं. डाग असता तर तिथे पुन्हा दिसलाच नसता. मी मात्र त्याच जागी होते. मोजमापं झाली, मी किती लांबची ते कळलं. सरांनी शालूला खोलीत बोलावून दार लोटलं. "चूक माझी होती. माफ करा."

शालू उभीच राहिली. "हसले ते बाहेर हायेत, सर."

सरांनी दार उघडलं. मग ते चहाच्या टेबलाशी गेले आणि सगळ्यांसमोर तेच पुन्हा बोलले. या वेळी कुणी हसलं नाही.

आता माझं चित्र तिथल्या भिंतीवर लागलंय, लोक येऊन कौतुक करतात. मला मात्र मान वर करवत नाही. मित्रांनो, पुसट दिसणाऱ्याला पुसण्याआधी एकदा नीट बघत जा, आणि त्याची बाजू घेणाऱ्याला हसू नका. मी तेरा अब्ज वर्षं चालून पुण्यात पोचले, आणि शालूच्या बाजूनं मला एक शब्दही बोलता आला नाही.