आधी डोकं दुखलं

शिंप्याच्या हातून आजवर कात्री कधी पडली नव्हती. आज पडली. कोटाचं कापड अर्धवट कापलेलं, आणि तो दोन्ही हातांनी डोकं धरून खालीच बसला. "अगं, डोक्यात कुणी घण घातला गं!" बायकोला एवढं बोलून भडाभडा ओकला, नि बघता बघता गुंगीत गेला.

धाकट्या भावाने त्याला गाडीत घातलं. वाटेत वहिनीला बजावलं, "दवाखान्यात तुम्ही तोंड उघडू नका. डोकं दुखतंय म्हटलं की गोळी देऊन बाकावर बसवतात. छाती म्हटलं की दारं उघडतात."

"भावोजी, खोटं कशाला?"

"देवाची समजूत मी काढतो. तुम्ही फक्त गप्प बसा!"

आणि दारं उघडली की हो! छातीला तारा चिकटल्या, यंत्रातून कागदाची पट्टी सरसरत आली. ती बघून डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "हृदयाला धक्का बसलेला दिसतोय. सिस्टर, रक्त पातळ करायचं इंजेक्शन भरा."

भावोजींचा चेहरा खर्रकन उतरला. थाप आपण मारावी आणि यंत्राने तिच्यावर शिक्का उठवावा? "वहिनी, म्हणजे छातीच होती बघा," ते पुटपुटले.

वहिनी त्या पट्टीकडे बघू लागली. यंत्र कशाला खोटं बोलेल? आपण मध्ये पडलो आणि औषधाला उशीर झाला, तर नवरा हातचा जायचा. देवा, तूच बोल रे माझ्या तोंडून! सिस्टरने हातावर कापूस फिरवला, तशी ती ओरडलीच, "थांबा! छातीत कळ आलीच नाही. आधी डोकं दुखलं. एकदम. मग ओकले."

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरचा हात धरला. "मग छाती कोण म्हणालं?"



डोक्याचा फोटो निघाला. आत रक्तस्राव होता.

"मेंदूत रक्त सांडलं की कधीकधी हृदयही हबकतं," बाई म्हणाल्या. "पट्टी थेट हार्ट अटॅकसारखी येते. ते इंजेक्शन गेलं असतं, तर रक्तस्राव आवरला नसता."

"आता वाचतील ना?"

"डोकं सावरलं, तर हृदयही सावरेल. आज मात्र शब्द देत नाही."

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर दोघं बसली. आतून दुसरे डॉक्टर आले. "सुरू करण्याआधी विचारतो, पहिल्यांदा नेमकं काय झालं?"

सवयीने भावोजींचं तोंड उघडलं. मग मिटलं. "वहिनींना विचारा," ते म्हणाले.

ती भिंतीला धरून उठली.

"हातातली कात्री पडली," तिने सांगायला सुरुवात केली.