लतिका संसार बघते

घटस्फोट झाल्यावर माझी लेक लतिका आमच्या फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये नुसती भिंतीकडे बघत बसायची. हसणं तर विसरलीच होती. मग एके सकाळी चहा पिताना म्हणाली, "आई, मी मोझांबिकला जाते." लोकांच्या पोरी मन रमवायला ऋषिकेशला जातात, हिला आफ्रिका आठवली. ह्यांची, म्हणजे भालचंद्ररावांची, सगळी नोकरी सरकारी फायलींवर मान डोलावण्यात गेली. इथेही डोलावली.

तिकडे ही बया समुद्राच्या कडेकडेनं उत्तरेला निघाली. खच्चून भरलेल्या व्हॅनमधून या गावाहून त्या गावाला, नाहीतर शिडाच्या होडीतून. वारा पडला की होडी थांबते म्हणे, आणि ही आत बसून राहते. गाव आवडलं तर मुक्काम वाढवते. दर रविवारी फोन यायचा. मी विचारायची, "कधी येतेस?" ती म्हणायची, "बघू." ती परत येणारच नाही, अशी धास्ती मी घेतली होती.

धास्तावले की मी खेकसते, स्वभावच आहे माझा. मग तिच्या भाषेवर घसरायची. दिल्लीकडे वाढलेली पोर, प्रत्येक वाक्यात 'मतलब' नि 'यार'. "अगं, निदान आईशी तरी धड मराठी बोल."

त्या रविवारी बिचारी एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आई, आत्ता नाही येत. मी इथे संसार बघतेय. सावकाश." आणि फोन कटला.

मेथी निवडता निवडता माझा हात थांबला. "अहो, हिनं तिकडे संसार थाटला."

"कोणाबरोबर?"

"मला काय माहीत? होडीवाला असेल."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, हिनं फुंकलंसुद्धा नाही. दोन दिवस मी चिडले, मग रडले. मग वाटलं, असेना का होडीवाला. लेक सुखात असली म्हणजे झालं. तिच्यासाठी कपाटातली हिरवी साडी काढून बाल्कनीत उन्हात टाकली.

पुढच्या रविवारी फोन स्पीकरवर टाकला आणि घसा खाकरून विचारलं, "जावईबापूंना तिखट चालतं का गं?"

"कोण जावईबापू?"

"तूच म्हणालीस ना, संसार बघतेय म्हणून."

ती म्हणाली, "आई, संसार मतलब दुनिया. तुला 'दुनिया' हिंदी वाटेल, तू ओरडशील, म्हणून मी शुद्ध मराठी शब्द शोधला यार."

मी कपाळाला हात लावला. "मला वाटलं, होडीवाला..."

"ते आजोबा आहेत गं, सहा नातवंडं आहेत त्यांना," म्हणाली आणि हसायला लागली. थांबेचना. मागे कुणीतरी म्हातारं माणूसही हसत होतं, बहुतेक तेच जावईबापू. हे पेपर टाकून फोनजवळ येऊन बसले, चष्मा पुसत. किती दिवसांनी ऐकत होतो आम्ही तिचं हसणं. मला रडू आलं, पण आवाज होऊ दिला नाही.

'कधी येतेस' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"पुढचं गाव कुठलं गं?" मी विचारलं.